बारा पॅनलांचे बारा हार

रविवारी सकाळी दहा वाजता कोथरूडच्या ‘मधुगंध’ सोसायटीची सगळी माणसं गच्चीवर डोळे मिचकावत उभी होती. जिन्यात नवी पाटी लागली होती ना : ‘सूर्यनारायणाकडे पाठ करून उभे राहू नये. आदेशावरून.’ तेव्हा चाळीस सुशिक्षित माणसं एप्रिलच्या उन्हाकडे तोंड करून घळाघळा रडत होती आणि किरणानंद महाराज काळा गॉगल लावून त्यांना आशीर्वाद देत होते. महाराजांच्या मागे सोलरचे बारा पॅनल. प्रत्येकाला मनगटाएवढा जाड झेंडूचा हार आणि वर हळदीकुंकवाचा मळवट.

सूर्याकडे पाठ करून, वर छत्री उघडून, एकट्या सरोजिनीबाई उभ्या होत्या. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंना पाटीची भीती नव्हती. त्यांचा जीव दुसरीकडेच अडकला होता. जिन्याच्या दाराशी चंपा उभी होती, गच्ची आणि जिना झाडणारी, रोज धायरीहून दोन बस बदलून येणारी. अध्यक्ष यज्ञेश्वररावांच्या खिशात तिला कामावरून काढल्याचं पत्र तयार होतं. हे सगळं त्या महाराजांमुळे, म्हणून बाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं.

त्याचं असं झालं. तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी गच्चीवर गोधडी वाळत घातली म्हणून समितीने गच्चीला कुलूप ठोकलं आणि चंपाकडची किल्ली काढून घेतली. मग सोलरची वीज हळूहळू कमी व्हायला लागली. महाराजांना बोलावलं. त्यांनी चार बादल्या पाण्याचा अभिषेक केला आणि दुसऱ्याच दिवशी वीज वाढली. सोसायटी वेडीच झाली. रोज हार, रोज मळवट. पण महिनाभरात वीज पहिल्यापेक्षाही खाली गेली. महाराज म्हणाले, चंपाचा पायगुण.

“ती तीन महिने गच्चीवर फिरकलेली नाही,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“पायगुण रेंगाळतो, माताजी,” महाराज म्हणाले. “पॅनलमध्ये सौरप्राण पूर्ण भरलेला आहे. प्रत्यक्ष पाहा.” त्यांनी भिंतीवरच्या इन्व्हर्टरकडे बोट केलं. पडद्यावर आकडा होता, चारशे व्होल्ट. “प्राण तोच, पण घरात पोचत नाही. मधे कुणीतरी शोषून घेतंय.”

गर्दीने हात जोडले. सरोजिनीबाई छत्री मिटून पुढे गेल्या. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर कुंकवाचा भला मोठा टिळा होता. त्यांनी पदराने तो पुसला. खाली दुसरा आकडा निघाला, दोन अँपिअर.

“हा झाकलात का?”

“तो गौण आहे.”

“गौण? अहो, वीज या दोन आकड्यांच्या गुणाकारातून मिळते. ऊन कमी पडलं तरी व्होल्ट जवळजवळ तेवढेच राहतात. ढासळतो तो प्रवाह, म्हणजे हा खालचा आकडा. म्हणूनच तुम्ही नेमका वरचा दाखवता. यज्ञेश्वरराव, ते सगळे हार काढा.”

“देवाचे हार?”

“मग मी काढते.”

यज्ञेश्वररावांनी घाबरत पहिला हार काढला, मग दुसरा. पडदा ढिम्म. बारावा हार निघाला आणि आकडा दोनावरून साडेचारवर गेला.

“एका साखळीतले पॅनल आहेत,” बाई म्हणाल्या. “एकावर सावली असली तरी बाकीच्यांना अडथळा होतो.”

“हा माझ्या मंत्राचा प्रभाव,” महाराज घाईने म्हणाले.

“छान. मग हार परत घाला आणि मंत्र म्हणा.”

हार घातले. महाराजांनी पाच मिनिटं मंत्र म्हटला, घाम गाळून म्हटला. आकडा दोनावर येऊन बसला तो हललाच नाही. इतक्यात तो दीडवर घसरला. “कोप झाला,” महाराज ओरडले आणि चार जण गुडघ्यावर बसले.

“ढग आलाय,” सरोजिनीबाई वर न बघता म्हणाल्या. ढग गेला. आकडा पुन्हा दोनावर आला. बसलेले चौघे गुडघे झटकत उठले.

तेव्हा चंपा दाराशीच बोलली, “बाई, काचा बी घान हायेत. मी सहा वर्सं फरशी धुतली की उरलेल्या पान्याने त्या पुसायची. कुनी सांगितलं न्हवतं. धूळ बघवत नाय.”

सरोजिनीबाईंना एकदम भरून आलं आणि स्वतःचीच लाजही वाटली. सहा वर्षांत हे त्यांनाही कधी दिसलं नव्हतं. त्यांनी स्वतः बादली भरून आणली. हार निघाले, चंपाने बाराही काचा धुतल्या, मळवट वाहून गेला. आकडा सहावर पोचला. महाराजांना स्वारगेटला कुणालातरी भेटायचं होतं म्हणे, ते गॉगलसकट जिना उतरून गेले.

“महाराजांच्या अभिषेकाने त्या दिवशी धूळच गेली होती, दुसरं काही नाही,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “सूर्याला हात जोडायचे तर जोडा. पण त्याच्या आणि पॅनलच्या मधे काही आणू नका. आणि एखाद्या बाईची भाकरी काढून घेण्याआधी निदान दोन्ही आकडे वाचा.”

यज्ञेश्वररावांनी पत्र फाडलं. मान खाली घालून म्हणाले, “चंपाबाई, आमचं चुकलं. माफ करा.”

चंपाने ओले हात साडीला पुसले आणि उजवा हात पुढे केला.

“माफीचं ऱ्हाऊ द्या, साहेब. गच्चीची किल्ली द्या.”