शनीच्या पलीकडे, दहा हजार लिटर

अथांग अवकाशात माणूस एकटा असतो आणि भीती हीच त्याची शेवटची सोबतीण असते. हे वाक्य प्रसेनजीत सरांनी पटकथेच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. प्रत्यक्षात अवकाशात तीन माणसं, बॅटरीवरचा एक पंखा आणि चहाचा थर्मास होता. भीती कुणालाच वाटत नव्हती.

अंतराळयान म्हणजे दूध संस्थेचा दहा हजार लिटरचा टँकर. पेठ वडगावच्या बाहेर आंब्याखाली उभा केलेला. आतून गोल, स्टीलचा, चकचकीत. खोकलं तरी शनीपर्यंत घुमावं असा. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सरांनी तो एकदा आतून पाहिला आणि आठ दिवस त्यांना झोप लागली नाही. ड्रायव्हर दादासोंनी संस्थेला न विचारता तो दिला, एका अटीवर. यानाचा कॅप्टन तेच होणार.

भयपट शूटिंगच्या शेवटच्या दिवशीच, संध्याकाळी सहाच्या आत पुण्याच्या लघुपट स्पर्धेला पाठवायचा होता. राहिला होता एकच शॉट : राक्षस समोर येतो आणि कॅप्टनच्या चेहऱ्यावर भीती उमटते. टँकर मात्र पाचला संस्थेत हवा होता. म्हशी स्पर्धेसाठी थांबत नाहीत.

राक्षस झाली होती सरांची विद्यार्थिनी श्रुती. अंगाला ट्रॅक्टरच्या ट्यूबा, वरून दोन किलो भेंडी उकळून काढलेलं बुळबुळीत पाणी. ती इतकी खुशीत होती की शॉट नसतानाही फुत्कारत होती.

पहिल्या वेळी ती फुत्कारत पुढं आली. दादासो बाजूला सरकले.

"या पावणं. कुठलं गाव म्हणायचं?"

सरांनी समजावलं, हे पाहुणे माणसं खातात. दादासोंचं म्हणणं, खाईनात का, आधी बसा तर म्हणाय लागतंय की. दुसऱ्या वेळी त्यांनी राक्षसाला थर्मास दाखवला. सहाव्या वेळी भेंडीच्या पाण्यावरून घसरणाऱ्या राक्षसाला हात दिला. सरांनी शेवटी त्यांना घाटात ब्रेक गेल्याचा प्रसंग आठवायला सांगितला. तो तर त्यांचा आवडता किस्सा निघाला. हसतहसत सांगण्यात दहा मिनिटं गेली.

पावणेपाच. सातवी वेळ. राक्षस पुढं आला, दादासो हात जोडणार, तेवढ्यात वरचं झाकण करकरलं. उजेडाचा खांब खाली आला आणि गोल भोकात एक डोकं दिसलं. संस्थेच्या सचिव आक्काताई.

"दादासो, आत हिरवं काय हाय त्ये?"

दादासोंनी पायाखाली पाहिलं. मग वर. चेहऱ्याचा रंग उडाला, तोंडाचा आ झाला, हात आधारासाठी भिंत चाचपू लागला. सरांनी आनंदानं कॅमेरा त्या चेहऱ्याच्या आणखी जवळ नेला.

"दूध नासलं तर गावातल्या एकेका बाईला तोंड तू देणार हाईस?"

टँकरनं हे वाक्य तीनदा घुमवलं.

"सर, शॉट घावला की!" राक्षस कुजबुजला.

कॅप्टन, राक्षस आणि दिग्दर्शक यांनी मिळून गरम पाण्यानं यान घासलं. आक्काताईंनी वास घेऊन पाहिला आणि पुन्हा एकदा घासायला लावलं. टँकर सव्वापाचला संस्थेत लागला. सहाला पाच मिनिटं असताना सरांनी रेंजसाठी गावच्या चौकात जाऊन सिनेमा आक्काताईंच्या आवाजासकट पाठवला आणि तिथंच आनंदानं उडी मारली.

महिन्यानं निकाल आला. सिनेमाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, दुग्धव्यवसाय व स्वच्छता या विभागात.