हळदीचा धवला

शैलेशला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि म्हणूनच ते त्याचं लगेच पचलं. कामोठ्यात त्याचे इंग्रजीचे क्लास होते. दहावीच्या पोरांकडून भाषांतरं घटवून घेणारा सरळमार्गी माणूस तो. त्याची मावशी गुणाबाई नेऱ्याला राहायची. ती धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. भटजी मागाहून आले, आधी आमीच होतो, असं ती भटजीच्या तोंडावर सांगायची आणि भटजी मुकाट ऐकून घ्यायचे.

२०१२च्या थंडीत एस्टोनियाहून लीना नावाची गायिका आली. तिच्या गावच्या बायकाही अशाच गायच्या. एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. दोघींची गाणी एकत्र करून तिला सीडी काढायची होती, आणि दुभाषा अर्थातच शैलेश. तीन दिवस ओटीवर दोघी गायल्या. कुठल्या बर्फातल्या बायकांची ओळ गुणाबाईनं पहिल्याच दमात उचलली तेव्हा लीनाचे डोळे भरून आले. पोरगी चांगली हाय, नावपन आपल्यातलंच हाय, असं गुणाबाईनं गावभर करून टाकलं.

घोडं अडलं ते हळदीच्या धवल्यापाशी. गुणाबाईची सगळी कमाई त्या धवल्यात होती, आणि तोच गायला ती तयार होईना. नवरा-नवरीची नावं गुंफल्याशिवाय तो गायचाच नाही, हा तिचा नेम. खोटं नाव घेतलं तर गळा बाटतो, असं तिला तिच्या सासूनं शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी लीनाचं विमान होतं. शैलेशनं गयावया केली, रुसून पाहिलं, आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, लीनाचंच लगीन हाय पुढल्या महिन्यात. लाजते, म्हनून बोलली नाय."

गुणाबाई हरखली. लगोलग नवऱ्याचं नाव विचारती झाली. एक खोटं खपलं की दुसऱ्याला वेळ लागत नाही. शैलेशनं लीनाला इंग्रजीत विचारलं, तुझ्या जिवाभावाच्या एखाद्या माणसाचं नाव सांग, गाण्यात घालायचंय. लीना म्हणाली, तोमास.

मग गुणाबाईनं लीनाच्या गालांना हळद लावली आणि डोळे मिटून असा धवला गायला की शेजारच्या बायका कामं टाकून ओट्याशी आल्या. लीनाला वाटलं, निरोपाची काहीतरी रीत असेल. ती पिवळ्या गालांनी हसत बसली.

आठ महिन्यांनी सीडी आली. आत फोटो होता, लीना आणि शेजारी एक उंच माणूस. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, माझा भाऊ तोमास याच्यासोबत. शैलेशनं ती ओळ दोनदा वाचली. मावशीनं बहीण-भावाची हळद गायली होती. गुणाबाईनं मात्र फोटोवरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. जोडा शोभतो ना रं, असं तिनं विचारलं, आणि शैलेश हो म्हणाला. त्या 'हो'नं त्याला पुढं फार छळलं. नेऱ्याला जायचं म्हटलं की त्याला काहीतरी काम निघायचं.

दोन वर्षांनी गुणाबाईनंच त्याला बोलावून घेतलं. आपल्या मऊ झालेल्या लुगड्याची तिनं इवलीशी गोधडी शिवली होती. एव्हाना लीनाच्या घरी पाळणा हलला असेल, ही तिकडं पाठव, म्हणाली. शैलेशनं गोधडी हातात घेतली आणि त्याला ते सोसेना. त्यानं सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी दोन लग्नांच्या सुपाऱ्या परत पाठवल्या. चूक माझी आहे, तू का गाणं सोडतेस, म्हणून शैलेश रडकुंडीला आला, तर ती म्हणाली, "गायली कोन? मी. पाप गळ्याला लागतं."

ज्यांची लग्नं अडली होती ते येऊन शैलेशलाच विचारायचे, मावशीला झालंय काय? आठव्या दिवशी गुणाबाईनं निरोप धाडला, लीनाला फोन लाव. मी बोलते, तू इंग्रजीत सांग.

त्यानं फोन लावून स्पीकर सुरू केला. गुणाबाईनं त्या फोनपुढं हात जोडले. "पोरी, तुझ्या सख्ख्या भावाच्या नावानं मी तुला हळद लावली. माझं चुकलं. तू माफ केलंस तरच मी परत गाईन."

शैलेशची हिंमत झाली नाही. मावशीला इंग्रजी कुठं कळतंय? मावशी तुझी फार आठवण काढते, तुझी गाणी अजून म्हणते, असं त्यानं सांगून टाकलं. पलीकडं लीना खळखळून हसली.

गुणाबाईनं जोडलेले हात खाली घेतले. "माफी मागितल्यावर कोन असं हसतं रं?"

शैलेश फोन उचलायला वाकला.

"परत सांग," ती म्हणाली. "आता खरं सांग."

त्यानं सांगितलं. आपल्या तोंडून निघालेल्या त्या एका वाक्यापासून थेट आताच्या या खोट्या आठवणीपर्यंत. मावशीच्या आड कुठंही लपला नाही. पलीकडचं हसू थांबलं.

"आता पोचलं तिला," गुणाबाई म्हणाली, आणि पुन्हा हात जोडून बसली.