नुसता एकवीस

पेंग यू-च्येनला मशीनवर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, नोकरी अजून कच्ची. शिन्चूच्या त्या कारखान्यात सिलिकॉनच्या चकत्यांत फॉस्फरस मुरवतात. एका घनसेंटिमीटरात किती अणू, हे सांगताना तिथे सगळे फक्त घात बोलतात. दहाचा सतरावा घात असेल तर नुसतं 'सतरा'. एकक विचारणारा बावळट ठरतो. आज तिचे सीनियर फान दादा फोनवर 'एकवीस' म्हणाले, हिने मुकाट्याने आकडा भरला आणि मशीनवरचं चिप्सचं हिरवं पाकीट सरळ केलं. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथले लोक तोडग्यासारखं ते ठेवतातच.

पहिली चकती आत गेली ती बाहेर येईना. इतका वेळ लागतोय म्हणजे फॉस्फरस फारच जातोय, यू-च्येनने हिशेब केला. ऑर्डर युरोपातल्या एका छोट्या कंपनीची होती, हजारो व्होल्ट अडवणाऱ्या स्विचसाठी. अशा चकतीत फॉस्फरस अगदी नावाला लागतो. एकवीस घातला तर ती वीज अडवणार कसली, तारेसारखी वाहून नेणार. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती माणसं घनमीटरात मोजतात, आपण घनसेंटिमीटरात. त्यांचा एकवीस म्हणजे आपला पंधरा. दहा लाख पट जास्त माल आत चालला होता.

चकत्या कंपनीनेच पाठवलेल्या, पुन्हा मिळणाऱ्या नव्हत्या. पण परवानगीशिवाय मशीन थांबवणाऱ्या कच्च्या माणसाला इथे घरचा रस्ता दाखवतात. विभागप्रमुख चुंग बाई मीटिंगमध्ये होत्या, फोन उचलत नव्हत्या. शेवटी पहिली बाहेर आली आणि दुसरी चकती आत सरकू लागली, तसं तिने लाल बटण दाबलं.

फान दादा धावत आले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"दादा, एकवीस कशातले? घनमीटरातले की आपले?"

त्यांनी स्क्रीनवर ऑर्डर उघडली आणि एककावर बोट टेकवलं: घनमीटर. तेवढ्यात चुंग बाई आल्या आणि मशीन कोणी थांबवलं म्हणून विचारलं.

यू-च्येनने तोंड उघडलं, पण दादा मध्येच पुढे झाले. "मी थांबवलं. आकडाही मीच चुकीचा दिला. एक चकती गेली, बाकीच्या वाचल्या. ही पोरगी मी सांगितलं तेच करत होती."

बाईंनी हात पुढे केला. दादांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि मान खाली घालून ते दाराकडे निघाले. यू-च्येनची नोकरी वाचली होती, आणि गप्प राहिल्याची तिला भयंकर लाज वाटत होती. डोळे भरून आले, पण धूळ उडू नये म्हणून तिथे घालतात त्या अंगभर पांढऱ्या सूटमध्ये चष्म्याआड हात जात नाही, त्यामुळे पुसताही येईनात.