मोळीच्या मापाचं दार

मित्रांनो, मी जुना लोखंडी दरवाजा. गंजलोय, वाकलोय, आणि माझ्याइतक्या शिव्या अख्ख्या भिवंडीत कोणी खाल्ल्या नसतील.

कामतघरच्या वाल्मीक वेल्डरने मला जोडलं. "काय भारी झालाय!" म्हणत फोटोपण काढला. मी फुगलो. मग मला एका गोदामापुढे उभं केलं. कुठे? बरोब्बर डोंगरातल्या पाड्याच्या वाटेत. त्याच वाटेने पोरं शाळेत जायची, बाया लाकडाची मोळी घेऊन यायच्या. मी बंद झालो आणि सगळ्यांना हायवेवरून वळसा पडला. पाड्याला कोणी विचारलं होतं? छ्या!

एका सकाळी हायवेवर कंटेनर पाड्यातल्या छोट्या बाबूला घासून गेला. पोरगा वाचला, दप्तर चाकाखाली गेलं. त्याची बहीण रोशनी, सहावीतली, थेट माझ्याकडे आली आणि दगड हाणला. अजून खड्डा आहे.

बोंबाबोंब झाली तशी ग्रामसभा लागली. विषय मीच. आणि सभा कुठे? गोदामात! तिथे पंखे, तिथे खुर्च्या. वॉचमनने सवयीने मला कुलूप घातलं. सगळा पाडा माझ्या पत्र्याला खेटून बाहेर.

आत सरपंच हितेशशेठ माईकवर म्हणाले, "पाड्यातून कोणी आलंच नाही. म्हणजे त्यांना अडचण नाही." टाळ्या!

"आंधळा हायस का रं, सरपंचा?" बायडी ओरडली. ही रोशनीची आई, जंगलातून मोळीसकट आलेली. "भाईर उभ्या हाव आमी!"

वॉचमन म्हणाला, "अंदर मीटिंग चालू है. शोर मत करो."

"मीटिंग आमचीच हाय, चाचा," रोशनी म्हणाली आणि माझ्यापुढे फतकल मारून बसली. मग सगळेच बसले. मागे कंटेनरची रांग लागली. हॉर्नवर हॉर्न. सभा गेली बुडत. सरपंच तणतणत बाहेर आले.

"पोरांना पुढे घालून राजकारण करता?"

"कोण घालतंय? कंटेनर आमच्या अंगावर येतो, तुमच्या न्हाय," रोशनी म्हणाली.

"बरं बाई, गेटमध्ये छोटं दार पाडून देतो. झालं? उठा."

"पुन्ना तूच ठरव!" बायडी उसळली. "मोळी घेऊन कशी जाऊ त्यातनं? घुशीवानी?"

लोक हसले. सरपंच नाही हसले. गोदामाचा मालक तर दात खात होता, पण हॉर्न थांबेनात. वाल्मीकला बोलावलं. सरपंच खडू घेऊन रेघ मारायला लागले, तर रोशनीने खडूच हिसकावला.

"आये, उभी ऱ्हा."

बायडी डोक्यावर मोळी घेऊन मला टेकून उभी राहिली. रोशनीने हात पोचेल तिथवर, वरचं वाल्मीकने, असं तिच्याभोवती खडू फिरवून माप घेतलं.

"आणि याला कुलूप न्हाय," रोशनीने बजावलं.

गॅसकटरने मला फाडलं. दुखलं. बरं वाटलं म्हणणार नाही, खोटं कशाला? पोरं आता त्या दारातून शाळेत जातात. जाता जाता मला लाथ मारतात. मारू देत.

मित्रांनो, दरवाज्याला रंग द्या, बिजागरीला तेल घाला, हे सगळेच सांगतात. मी वेगळं सांगतो. कुणाच्या वाटेत आम्हाला उभं करण्याआधी त्याला विचारा. पोर असलं तरी विचारा. आणि विचारायला बोलावलंत, तर आधी कुलूप काढा.