नवाचा एक

"आजी, माझं गोड औषध?" मनस्वीने चौथ्यांदा विचारलं.

"एकला द्याचाय गो. तुजे आयशीनं बाटलीवर लिवून ठेवलंय."

चार वर्षांच्या मनस्वीच्या डोक्यात पाणी साचायचं. ते पोटात उतरवायला गेल्या महिन्यात आतून बारीक नळी बसवली, डॉक्टर तिला शंट म्हणतात. त्यानंतर एकदा फिट आली. पुन्हा येऊ नये म्हणून हे औषध, बारा-बारा तासांनी. पुतळाबाईंची सून, मनस्वीची आई रंजिता आज रजा संपवून पहिल्यांदाच ऐरोलीला कामावर गेली होती. निघताना दोनदा दारातून परत फिरली होती.

साडेदहाला तिचा फोन आला. "आई, नऊचं औषध दिलं ना?"

पुतळाबाईंनी बाटली डोळ्यांशी नेली. उभा जन्म मिठागरावर गेला. साठी उलटल्यावर गावच्या देवळातल्या वर्गात त्या आकडे शिकल्या, ते मराठी. सुनेने इंग्रजीत 9 काढला होता. त्यांनी तो मराठी एक वाचला होता.

'दिला' हा शब्द जिभेवर आला. आत्ता गुपचूप दिलं तर कोणाला कळणार होतं? खरं सांगितलं, तर उद्यापासून पोर त्यांच्या हाती राहणार नव्हती.

"नाय गो," त्या म्हणाल्या. "मी नवाचा एक वाचला."

"थांबा, हॉस्पिटलच्या सिस्टरला विचारते."

पाच मिनिटांत फोन. "आत्ता लगेच द्या, तीन एमएल. रात्रीचा डोस नऊलाच, डबल नाही. आणि नजर ठेवा."

पुतळाबाईंनी औषध पाजलं आणि समोर बसून राहिल्या. पानातला भात तसाच वाळला.

"आजी, काय बघतेस सारखी?"

"तुजे नाकाव माशी बसतंय का, ता बगते."

संध्याकाळी रंजिताने चपला न काढताच लेकीला उचललं. तिचे डोळे, हात, पाय, सगळं चाचपलं. मनस्वी गुदगुल्यांनी हसत सुटली.

"उद्यापासना बाई ठेवशील?" पुतळाबाईंनी विचारलं.

"बाई ठेवली असती, तर तिने फोनवर काय सांगितलं असतं, आई?"

पुतळाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"चहा टाकते," म्हणत रंजिताने मनस्वीला त्यांच्या मांडीवर दिलं. डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणांभोवती नुकते केस उगवले होते. ते पुतळाबाईंनी बोटांनी नीट बसवले. मग तसंच पडलेलं भाताचं पान पुढे ओढलं आणि दिवसातला पहिला घास घेतला.