कारण काहीही असो

शिक्षण कार्यालयाच्या मासिक वार्तापत्राचं नाव होतं 'आपला परिवार', आणि परिवारातलं कुणीही ते वाचत नव्हतं. चार पानं. पहिल्यावर साहेबांचा फोटो, दुसऱ्यावर साहेबांचं मनोगत, तिसऱ्यावर बदल्या आणि बढत्या, चौथ्यावर निवृत्त होणाऱ्यांची यादी. लोक थेट तिसरं पान उघडत, बदल्यांत आपलं नाव नाही याची खात्री करून घेत आणि उरलेला कागद जेवणाच्या डब्याखाली अंथरत. हे बातमीबाईला पक्कं ठाऊक होतं, कारण नऊ वर्षं ते वार्तापत्र तीच काढत होती. तिचं कागदावरचं पद लांबलचक होतं, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला बातमीबाईच म्हणत.

सोमवारी सकाळी साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, यंदा निवृत्तांच्या यादीत एक रकाना वाढवा. नाव, पद, सेवेची वर्षं, आणि पुढं त्यांच्या शाळेची श्रेणी."

"श्रेणी कशाला, साहेब? माणूस निवृत्त होतोय, शाळा नाही."

"पारदर्शकता!" साहेब म्हणाले. हा शब्द त्यांना गेल्या महिन्यातल्या प्रशिक्षणात मिळाला होता आणि नव्या चपला घातलेल्या माणसासारखे ते तो सगळीकडं मिरवत होते. "सगळ्यांना कळू दे, कोण काय मागं सोडून जातंय. आणि हो, श्रेणीचा अर्थ काय, तेही पुन्हा एकदा सोप्या भाषेत लिहा. मागच्या वर्षीचा तुमचा लेख फार उपयोगी पडला म्हणे. शुक्रवारी अंक हातात पाहिजे."

बातमीबाई टेबलाशी येऊन बसली आणि तिनं यादी उघडली. सहा नावं होती. चौथं नाव तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं होतं. मुख्याध्यापिका, सेवा चौतीस वर्षं, श्रेणी ड.

अ, ब, क, ड. ड च्या खाली काही नव्हतंच. चौतीस वर्षं ताईनं त्या शाळेत घासली होती. मुलांना वाचता येईपर्यंत ती त्यांचा पिच्छा सोडत नसे. वाचनाच्या चाचणीत तिची शाळा त्रेसष्ट शाळांत तिसरी आली होती. आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट शाळांत वाटल्या जाणाऱ्या कागदावर बातमीबाईनं आता आपल्याच हातानं तिच्या नावापुढं ड लिहायचा होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गुणपत्रक मागवून पाहिलं. वाचन उत्तम, गणित बरं, इमारत ठीक. उपस्थितीत मात्र शाळा सपाट झोपली होती.

दुपारी ती शाळेत गेली. ताई ऑफिसात कपाटाच्या बिजागरीला तेल घालत बसली होती.

"ताई, उपस्थितीचं काय करून ठेवलंयस हे?"

"बस आधी. पाणी पी." ताईनं तेलाची बाटली बाजूला ठेवली. "चौदा मुलं आहेत. आईबापाबरोबर बांधकामांवर गेलीत. पाच महिने झाले."

"मग त्यांची नावं कमी कर ना! गुरुवारी दुपारी बारापर्यंत दुरुस्तीची मुदत आहे. ती चौदा पटावरून उतरली की तुझी शाळा सरळ ब मध्ये जाते. मी हिशेब करून आलेय."

"आणि परत आली की?"

"परत घाल."

"असं कुठं होतं? नाव एकदा काढलं की परत घ्यायला मधल्या शाळेचा दाखला लागतो. ती मुलं दर दोन महिन्यांनी गाव बदलतात, मधली शाळा आणायची कुठून? दाखला नाही म्हणून दारातून परत गेलेलं पोर पुन्हा शाळेकडं फिरकत नाही. दोनदा पाहिलंय मी. तेव्हाच कानाला खडा लावला."

"अगं, पण तुझ्या नावापुढं ड छापून येणारे! तुझ्या निवृत्तीच्या यादीत!"

"येऊ दे की."

शेजारच्या वर्गात दुपारची हजेरी चालू होती. शिक्षक नाव घेत होते, मुलं "हजर" म्हणत होती. मधेच एका नावाला सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "येणार आहे!" बातमीबाईनं चमकून पाहिलं.

"गेलेल्यांची नावंही घेतो आम्ही रोज," ताई म्हणाली. "नाहीतर बाकीची पोरं विसरतात. त्यांची जागा बळकावतात, वह्या घेतात." तिनं कपाट उघडून दाखवलं. वरच्या फळीवर कव्हरं घातलेल्या वह्यांचे चौदा गठ्ठे ओळीनं लावलेले होते.

बातमीबाईनं अर्धा तास डोकं फोडलं. पालथ्या घड्यावर पाणी. ताईला लहानपणापासून एकच खोड होती. ती भांडायची नाही आणि ऐकायचीही नाही. शेवटी बातमीबाई उठली आणि दारातून म्हणाली, "ठीक आहे. तू नावं काढू नकोस. जो नियम बाहेर गेलेल्या पोराला गैरहजर मोजतो, तो कुठल्या शहाण्यानं केलाय ते मीच शोधते आणि त्याच्या घशात घालते."

ताई काहीतरी बोलणार होती. पण मग तिनं पुन्हा तेलाची बाटली उचलली.

मंगळवारपासून बातमीबाईची वरात सुरू झाली. तळमजल्यावर हजेरीवाले काका बसत. त्यांच्यासमोर दहा वर्षांची हजेरीपत्रकं रचलेली असायची आणि त्यांच्या आडून फक्त काकांचं टक्कल दिसायचं.

"काका, बाहेरगावी गेलेलं मूल गैरहजर धरायचं, असा नियम कुठं लिहिलाय?"

"आम्ही फक्त बेरीज करतो, बाई. नियम वर असतो."

वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, श्रेणी कक्षात. तिथल्या मॅडम रजेवर होत्या. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, नियम परिपत्रकात आहे. परिपत्रक नोंद विभागात होतं. नोंद विभाग म्हणाला, परिपत्रक श्रेणी कक्षानं नेलंय. बुधवारी सकाळी ते जिन्याखालच्या कपाटात सापडलं, अकरा पानी. उपस्थितीबद्दल त्यात एकच ओळ होती: 'उपस्थितीचा योग्य तो विचार करण्यात यावा.'

"योग्य तो म्हणजे कोणता?" बातमीबाईनं भर व्हरांड्यात विचारलं. पाणी प्यायला आलेले दोघेजण पाणी न पिताच परत गेले.

बुधवारी दुपारी श्रेणी कक्षातल्या मॅडम उगवल्या. त्या शांत होत्या, नीटनेटक्या होत्या आणि त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीची फाइल होती.

"अहो, त्या ओळीनं आमच्याही नाकी नऊ आणले होते," त्या फाइल काढत म्हणाल्या. "योग्य तो विचार म्हणजे काय, तीनदा वर पत्रं लिहिली, उत्तर नाही. मग सुदैवानं अधिकृत खुलासा छापूनच आला. तोच आधार धरला आम्ही. हे बघा, चिकटवून ठेवलाय."

फाइलच्या पानावर वार्तापत्राचं कात्रण चिकटवलेलं होतं. 'श्रेणीचा अर्थ: सोप्या भाषेत'. मधल्या दोन ओळींखाली लाल रेघ होती. 'ज्या मुलाचं नाव पटावर आहे आणि जे वर्गात नाही, ते गैरहजरच मोजलं जातं, कारण काहीही असो.'

बातमीबाईनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, पुढचं तिला पाठच होतं.

मागच्या वर्षीची ती दुपार तिला लख्ख आठवली. छापखान्यातला माणूस दारात उभा, परिपत्रकाचा अर्थ कुणी सांगेना, साहेब दौऱ्यावर. मग तिनं आपल्या अकलेनं लिहून टाकलं होतं. असंच असणार, दुसरं काय असणार! 'कारण काहीही असो' हे तर तिनं शेवटी मुद्दाम घातलं होतं. वाक्य कसं ठासून संपत होतं. न वाचल्या जाणाऱ्या त्या कागदातली नेमकी तेवढीच ओळ कुणीतरी वाचली होती, आणि फाइलला लावली होती.

"तुम्हीच लिहिलंय ना हे?" मॅडमनी कौतुकानं विचारलं. "फार स्पष्ट लिहिता हो तुम्ही."

ती कशीबशी जिना उतरली. दोन दिवस ज्या शहाण्याला शिव्या घालत ती फिरत होती, तो शहाणा तिच्याच खुर्चीत बसून तिच्याच पेनानं लिहीत होता. तिला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती ताईकडं गेली. ताई एकटीच होती. बातमीबाई बसलीसुद्धा नाही.

"ताई, तो नियम माझा आहे. मी लिहिला. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी ठोकून दिलं. तुझी शाळा माझ्यामुळं ड मध्ये गेली."

ताईनं टेबलाचा खण ओढला आणि एक घडी घातलेला कागद तिच्यापुढं ठेवला. तेच कात्रण. घड्यांवर फाटत आलेलं.

"तुला माहीत होतं?"

"मुलं गेली त्या पहिल्याच महिन्याचं हजेरीपत्रक परत आलं, तेव्हाच श्रेणी कक्षानं ते सोबत लावून पाठवलं होतं."

"मग बोलली का नाहीस? इतके महिने झाले, ताई! परवा मी इथं बसून कुणाकुणाला शिव्या घालत होते, तेव्हा तरी बोलायचंस!"

"बोलणार होते." ताईनं कात्रणाची घडी पुन्हा नीट केली. "तो लेख आला त्या दिवशी तू आईला फोनवर सगळा वाचून दाखवला होतास. आठवतं? नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मनचं काही छापलं म्हणून. आई दोन दिवस घरात तेच सांगत होती. तुझं सुख ते केवढं! त्यात मी कुठं बिब्बा घालू?"

"आणि तुझा ड?"

"माझं काय, मी चालले घरी. मला काळजी आहे ती त्या चौदांची. माझ्या जागी जी येईल, ती पहिल्याच दिवशी ड बघेल आणि नावं काढून टाकेल. तिचं तरी काय चुकलं म्हणायचं?"

बातमीबाई आता खाली बसली आणि रडली. ताईनं तिला पाण्याचा पेला दिला आणि पाठीवर हात ठेवला. परवापासून पहिल्यांदाच बातमीबाईनं तिच्याशी वाद घातला नाही.

गुरुवारी सकाळी ती साहेबांपुढं उभी राहिली. "साहेब, मागच्या वर्षीच्या लेखात माझी चूक झालीय. दुरुस्ती छापायला हवी."

"वार्तापत्रात दुरुस्ती?" साहेबांना जणू कुणी भर सभेत उठवून उभं केलं. "बाई, कार्यालयाची चूक होत नसते. जास्तीत जास्त, नवी माहिती प्राप्त होते. आणि श्रेण्या आता बदलायच्या नाहीत. दुरुस्ती बारापर्यंत, तीही फक्त पटाची. तुम्ही तुमचा लेख लिहा."

"लिहू? माझ्या मनानं?"

"मागच्या वर्षी कुणाच्या मनानं लिहिला होता?" साहेब म्हणाले, आणि आपला फोटो या वेळी डावीकडून घ्यावा की उजवीकडून, याचा विचार करू लागले.

ती टेबलाशी आली आणि तिनं लिहायला घेतलं. या वेळी आधी परिपत्रकाची अकराही पानं वाचली. मग दुसऱ्या मजल्यावर जाऊन मॅडमना मसुदा दाखवला, तळमजल्यावर जाऊन काकांना. मॅडम म्हणाल्या, 'योग्य तो विचार' मध्ये हे अगदी बसतं, फक्त छापून येऊ दे. काका म्हणाले, बेरीज काय, कशाचीही करू. दोघांनी सह्या केल्या. लेखात तिनं लिहिलं: 'मागच्या वर्षी याच ठिकाणी "कारण काहीही असो" असं छापलं होतं. ते परिपत्रकात नव्हतं, ते लिहिणारीचं होतं आणि ते चुकीचं होतं. कारणाला अर्थ असतो. आईवडिलांच्या कामामुळं बाहेरगावी गेलेलं मूल गैरहजर मोजू नये. पटावर त्याच्या नावापुढं "येणार आहे" असं लिहावं.' साहेबांनी मजकुराचा गठ्ठा चाळला, पहिल्या पानापाशी थांबले, फोटो उजवीकडचाच चांगला म्हणाले आणि सही केली.

चौथं पान तिनं सगळ्यात शेवटी लावलं. मुख्याध्यापिका, चौतीस वर्षं, ड. ते अक्षर टाइप करताना तिचा हात थांबला, पण ते काढण्याचा अधिकार तिला नव्हता. मग ती पानाच्या अगदी तळाशी गेली. तिथं बारीक अक्षरांत संपादिकेचं, म्हणजे तिचं, नाव असे. त्यापुढं तिनं कंस उघडला, ड लिहिला आणि कंस बंद केला.

शुक्रवारी अंक निघाला. अकरा वाजता साहेबांनी तिला बोलावलं. अंक त्यांच्या हातात होता, बोट पानाच्या तळाशी.

"हा ड कसला, बाई?"

"पारदर्शकता, साहेब. सगळ्यांना कळू दे, कोण काय मागं सोडून जातंय."

साहेबांनी अंक उलटून आपल्या फोटोचं पान वर केलं. आपलाच शब्द परत आल्यावर काय म्हणायचं, ते प्रशिक्षणात नव्हतं.

दुपारी फोन वाजला. ताई होती. मागं मधल्या सुट्टीचा गलका ऐकू येत होता.

"वाचलं," ताई म्हणाली. "शिक्षकांना सांगितलं. पटावर लिहून घेतलं, चौदाही जणांपुढं. नव्या बाईंना दाखवायला अंक खणात ठेवलाय."

"तुझा ड तसाच राहिला, ताई. मला नाही काढता आला."

"राहू दे. तुझाही आहेच की खाली. आईला वाचून दाखवलास?"

"हे? हे काय दाखवायचं? चूक कबूल केलीय मी यात."

"तेच दाखव," ताई म्हणाली. "मागचं तिनं उगाचच दोन दिवस सांगितलं होतं."