गरम माप

दुधी रंगाचं कूलंट, म्हणजे गार ठेवणारं पाणी, धो धो ओतल्याशिवाय लोखंड कापता येतं, असं टर्नरकाकांना कोणी परक्याने सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला आधी बसवलं असतं आणि मग प्यायला पाणी दिलं असतं. पण सांगणारी त्यांची सख्खी मुलगी निघाली, आणि तीही त्यांच्याच कारखान्यातली इंजिनीअर. त्यामुळे काकांनी नुसतं नाक मुरडलं.

तिचं म्हणणं सोपं होतं. कूलंट बंद करायचं. त्याऐवजी एका बारीक नळीतून हवेबरोबर तेलाचा फवारा थेट कापणाऱ्या टूलच्या टोकावर सोडायचा. तासाला दोन-चार चमचे तेल पुरतं.

"तुझी आई भाजीला याहून जास्त घालते," काका म्हणाले.

मॅनेजरला दिलेल्या अर्जात मुलीने घाणेरड्या कूलंटची विल्हेवाट वगैरे कारणं दिली होती. खरं कारण काकांच्या मनगटापासून खाली होतं. सव्वीस वर्षं कूलंटमध्ये भिजून त्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या. शर्टाचं बटण लावतानाही कळ यायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, कूलंट सोडा नाहीतर काम सोडा. काकांनी डॉक्टर सोडला.

मॅनेजर कसाबसा तयार झाला. एक दिवस, वीस शाफ्ट. ते फसले तर पुन्हा कूलंट आणि विषय बंद. लेथ मशीनवर अर्थातच काका, कारण सव्वीस वर्षांत त्यांचा एकही नग रिजेक्ट झाला नव्हता. हे ते स्वतःहून कधी सांगत नसत. इतरांनी विसरू नये एवढीच काळजी घेत.

पहिला शाफ्ट बाहेर आला तो कोरडा ठणठणीत, आणि चांगला गरम. भेगांना शेक मिळाला. काकांना इतकं बरं वाटलं, की कोणी बघत नाहीये अशी खात्री करून त्यांनी तो जरा वेळ दोन्ही हातांत धरून ठेवला. मग जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. चालणाऱ्या मापांच्या अगदी मधोमध. वीसच्या वीस तसेच निघाले. मनातल्या मनात त्यांनी मुलीला शंभरापैकी पासष्ट मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी क्वालिटीवाल्याने तेच शाफ्ट मोजले. सगळे सतरा मायक्रॉन बारीक भरले. म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पाव भाग, पण बेअरिंगमध्ये शाफ्ट सैल बसायला तेवढा पुरतो.

"चला, हौस फिटली," मॅनेजर म्हणाला. "कूलंट भरा."

 मुलीने हातातली फाइल मिटली.

आणि काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गरम लोखंड फुगतं, गार झालं की आकसतं. हे शाळेतली पोरंही सांगतील. पण कूलंटमुळे काकांच्या हातात सव्वीस वर्षं गारच नग आला होता. गप्प बसले असते तर सगळं खापर नळीवर फुटलं असतं आणि त्यांचं नाव शाबूत राहिलं असतं.

"साहेब, नळीचा दोष नाही. मी नग गरम असताना मोजले."

मॅनेजर हसला. "काका, पोरीसाठी आता खोटंही बोलायला लागलात?"

"खरं सांगतोय."

"आजवर एकदा तरी चुकला असतात, तर मानलं असतं."

आपल्या चोख कामाचा काकांना आयुष्यात पहिल्यांदाच राग आला. त्यांनी एकविसावा शाफ्ट लावला, सगळ्यांसमोर कापला आणि गरम असतानाच क्वालिटीवाल्याकडून मोजून घेतला. माप बरोबर. मग तो टेबलावर ठेवला आणि चार शहाणी माणसं लोखंड गार व्हायची वाट बघत तासभर उभी राहिली. पुन्हा मोजला तर सतरा मायक्रॉन कमी.

मॅनेजरने आणखी वीस शाफ्ट मंजूर केले. रिजेक्टच्या कागदावर 'ऑपरेटरची चूक' असं लिहून काकांपुढे सरकवलं. सही करताना त्यांना फार वाईट वाटलं. सही मात्र त्यांनी पूर्ण नावानिशी केली.

संध्याकाळी घरी चपला काढता काढताच त्यांनी मुलीला विचारलं, "नग गरम निघणार, हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग कामाच्या कागदावर लिहिलं का नाहीस, गार करून मोजा म्हणून?"

"लिहिलं होतं, बाबा. मग खोडलं."

"का?"

"मायक्रोमीटर धरायला तुम्ही मला शिकवलंत. कसं मोजायचं, ते मी तुम्हाला सांगू?"

काकांनी चपला कोपऱ्यात नीट लावल्या. मग म्हणाले, "उद्या लिही. आणि वर माझं नाव घाल. नाहीतर मला वाटेल, दुसऱ्या कोणासाठी आहे."